बाईंचं निरोगी रक्त

बाई माणसाला त्याच्या नावाने हाक मारत नसत, त्याच्या चुकीने मारत. नीलेशच्या पेशींच्या बाटलीत पहिल्याच महिन्यात बुरशी आली, तेव्हापासून तो ‘बुरशी’ झाला. आमच्या आधीच्या एका मुलीने दोन नळ्यांच्या चिठ्ठ्या उलटसुलट लावल्या होत्या. ती लग्न करून परदेशी गेली तरी बाईंच्या तोंडी ‘अदलाबदल’च राहिली. तिची लग्नपत्रिका आली तेव्हा बाईंनी ती उघडली, वाचली आणि नवरा तरी बरोबर निवडलाय ना तिने, एवढंच विचारलं. माझं नाव ‘घाई’. चूक सुधारली म्हणून नाव बदलत नसे. पाच वर्षं चोख काम केलेला माणूससुद्धा प्रयोगशाळेतून बुरशी म्हणूनच बाहेर पडायचा.

समोर आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो आणि पाठीमागे बाई, कारण छडी घेऊन वर्गात शिरणाऱ्या शाळेतल्या बाई आम्ही कुणी विसरलो नव्हतो. या बाई बुटक्या, काटक, कॉटनच्या साडीवर पांढरा कोट घालणाऱ्या. राहायच्या बोरिवलीला, भाऊ-भावजयीच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये. आमची संस्था मुलुंडला, डोंगराच्या अंगाला. लिंक रोडने स्वतःची जुनी गाडी हाकत त्या रोज सगळ्यांच्या आधी पोचायच्या. वडील मालवणहून येऊन गिरणीत लागलेले. शिकलेल्या माणसाची भाषा त्यांना उत्तम यायची, पण राग खरोखरचा असला की मालवणी बाहेर पडायची. ती ऐकली की आम्ही हातातलं खाली ठेवायचो.

काम होतं टी पेशींवर. या पेशी रक्तातल्या, शरीराच्या राखणीच्या. कर्करोगाच्या पेशीला त्या मारू शकतात, पण मारता मारता थकतात. रोग समोर असतो, त्या तिथेच असतात आणि काही करत नाहीत. त्या का थकतात आणि त्यांना परत उभं कसं करायचं, हा बाईंच्या आयुष्याचा प्रश्न. त्यामुळे थकणे हे क्रियापद आमच्याकडे पेशींसाठी राखून ठेवलेलं होतं. कुणी खुर्चीत बसून आज दमले, थकले असं म्हणालं की बाई मान न वळवता विचारायच्या, “तू टी पेशी आहेस का?”

त्यांचा एक नियम होता. पहिल्यांदा आलेला निकाल त्या बघायच्यासुद्धा नाहीत. “पहिला निकाल पाहुणा असतो,” त्या म्हणायच्या. “परत आला तर घरचा.” नीलेशचा पहिला शोधनिबंध स्वीकारला गेला तेव्हा तो मुलुंड स्टेशनजवळून पेढे घेऊन आला. बाईंनी पेढा उचलला आणि तिसरी आकृती कितीदा करून पाहिलीस, असं विचारलं. दोनदा, तो म्हणाला. बाईंनी पेढा सावकाश खाल्ला आणि पेढा चांगला आहे, असं सांगून त्या केबिनमध्ये गेल्या. नीलेशने उरलेला बॉक्स शिपायाच्या टेबलावर ठेवला.

त्यांचा दुष्टपणा फक्त आमच्यापुरता नव्हता. वर्तमानपत्रात बाईंच्या कामाबद्दल काहीतरी छापून आलं होतं, तेव्हा दिंडोशीचा एक माणूस हातात फायलींची पिशवी घेऊन थेट प्रयोगशाळेत आला. भावाला कर्करोग होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. बाई त्याला बस म्हणाल्या नाहीत. “माझ्याकडे औषध नाही,” त्यांनी सांगितलं. “हे उंदरावर चालतं. तुमचा भाऊ उंदीर नाही.” माणूस भिंतीला टेकून रडला. तो गेल्यावर माझा चेहरा पाहून बाई म्हणाल्या की गोड बोलून चहा पाजला असता तर तो उद्या आला असता, परवा आला असता, आणि तेवढे दिवस भावाजवळ बसला नसता. त्यांचं बरोबर होतं. तरी मला ते बोलणं अजून सहन होत नाही.

मग आम्ही राहिलो कशाला, असं कुणीही विचारेल. माझ्यापुरतं सांगते. मी घाटकोपरची, असल्फाच्या टेकडीवरची. वडील बसमध्ये कंडक्टर, मूळचे विदर्भातले. रक्त तपासायचा कोर्स करून मी आधी नोकरी केली आणि मग एमएस्सी. पीएचडीच्या मुलाखतीत पॅनेलवरच्या एका गृहस्थांनी माझ्याकडे न बघता, राखीव जागेवरून आलात ना, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, “मी तिचा पेपर वाचलाय. तुम्ही वाचलेला नाही. पुढचा प्रश्न.” बाहेर मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, मी तुझी बाजू घेतली नाही, माझा वेळ वाचवला. त्या दिवसापासून वडील विहारात मला ‘आमची डॉक्टर’ म्हणायला लागले. बाई मला त्या दिवशी आवडल्या, आणि आवडणं नंतर बंद करता आलं नाही.

शिकवायच्या त्या हाताने. रक्त एका जाडसर द्रवावर हलकेच सोडायचं आणि नळी यंत्रात गरगर फिरवायची. लाल पेशी तळाशी बसतात, पिवळट पाणी वर राहतं आणि मधे एक धूसर पांढरी कडी तरंगते. टी पेशी त्या कडीत. ती पिपेटने अलगद उचलायची, खालचं काही वर ओढायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी ती घाईने ओढली आणि नाव मिळवलं. त्यानंतर बाई माझ्यामागे उभ्या राहिल्या, माझ्या हातावर हात ठेवला आणि माझ्या बोटांनी त्यांनीच ती कडी उचलली. आईनंतर माझा हात धरून कुणी काही शिकवलं असेल तर बाईंनी. काही महिन्यांत ताज्या रक्ताचं सगळं काम माझ्याकडे आलं.

आता मुद्द्याची गोष्ट. रुग्णाच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त लागतं. त्याला आम्ही कंट्रोल म्हणायचो. बाकीच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी आळीपाळीने रक्त देतात. आमच्याकडे कंट्रोल एकच, बाई. तुमच्या रक्तात वडापाव आणि सर्दी, त्याचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं. आपल्याला कधी ताप येत नाही याचा त्यांना अभिमान होता, लोकांना मुलांचा असतो तसा. दर सोमवारी सकाळी त्या स्टुलावर बसून बाही वर करायच्या आणि मी सुई लावायची. शीर शोधतेयस की कुणाचा पत्ता, असं विचारायच्या. उरलेल्या पेशी आम्ही छोट्या नळ्यांत भरून द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवायचो. तिथे त्या मरत नाहीत. वितळवल्या की परत वाढायला लागतात. टाकीत बाईंच्या वर्षानुवर्षांच्या नळ्या होत्या आणि बाकीची मुलं त्यातल्याच जुन्या काढून वापरायची. ताजं रक्त फक्त माझ्या हातात यायचं.

गणपतीनंतरच्या एका सोमवारी कंट्रोल बिघडला. कडी नेहमीपेक्षा जाड दिसली, पण तिच्यात टी पेशी थोड्या, आणि ज्या होत्या त्या वाढायला तयार नाहीत. पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्या सोमवारीही. आम्ही रंग लावायचो फक्त टी पेशींना. त्या जाड कडीत बाकी काय भरलंय हे बघायची कुणाला कधी गरज वाटली नव्हती. बाईंचं निदान तयार होतं. “कडी जाड दिसते कारण तू खालचं ओढतेस. माझंच रक्त बाकीचे वापरतात, त्यांचं सरळ येतं. तुझं येत नाही. मग चूक रक्तात की हातात?” बाकीचे त्यांचं जुनं रक्त वापरत होते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते कुणालाच सुचलं नाही. निरोगी म्हणजे बाई, हे आमच्याकडे इतकं पक्कं होतं.

शनिवारच्या बैठकीत बाई माझ्या आकृत्या पडद्यावर लावायच्या आणि नव्या मुलांना सांगायच्या की हात बिघडला की काय होतं ते बघा. मी परत करायची. परत तेच यायचं. त्यांच्याच नियमाने तो निकाल आता घरचा झाला होता, पण तो नियम त्या स्वतःच्या रक्ताला लावत नव्हत्या. शेवटी एका शनिवारी मी उभी राहिले आणि म्हटलं, “मॅडम, एकदा साधं सीबीसी करून घ्या ना. कुठल्याही लॅबमध्ये होतं.”

बाईंनी चष्मा काढला. “माज्या रगतात खोट काढतंस?” त्या कडाडल्या. “हात तुझो मेलो आणि दोष माका?” मग शुद्ध मराठीत सांगितलं की महिनाभरात कंट्रोल सरळ आला नाही तर जागा सोडायची. बाहेर नीलेशने मला जिन्यात गाठलं. कशाला बोललीस यार, तो म्हणाला, जुन्या दोन नळ्या वितळव आणि ताज्या म्हणून दाखव, कुणाला कळणार आहे. मी नाही म्हटलं. मी फार मोठी प्रामाणिक म्हणून नव्हे. बाईंनी हात धरून शिकवलेल्या कामात खोटं घालायला हात धजला नाही, एवढंच. घरी मी काही सांगितलं नाही. वडिलांनी तोवर माझ्या पदवीदानाला स्वतः घालायचा कोट शिवायला टाकला होता.

महिना संपला. कंट्रोल तसाच. बाईंनी कागदावर सही केली, तो माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “तू मुलगी वाईट नाहीस. हात गेला तुझा. होतं असं.” यातला कळवळा खरा होता आणि तोच मला शिव्यांपेक्षा जास्त लागला. कारण मी त्यावर विश्वास ठेवला. पिपेट मी परत हातात धरली नाही. घाटकोपरला स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नोकरी धरली. तिथे रक्त यंत्रात घालायचं असतं, हात लागत नाही. दिवसभर मी लोकांची सीबीसी करत होते.

माझ्यामागे ताजं रक्त नीलेशकडे गेलं. त्याचाही कंट्रोल पहिल्याच सोमवारी बिघडला. त्याने बाईंना सांगितलं नाही. ताजं रक्त टाकून दिलं, टाकीतून जुनी नळी काढली, वितळवली आणि आजची म्हणून दाखवली. नंतर पकडलं जाऊ नये म्हणून टाकीतल्या चिठ्ठ्याही बदलल्या. शनिवारी बाईंनी त्याच्या सरळ आकृत्या पडद्यावर लावल्या आणि सगळ्यांना सांगितलं की बघा, हात बदलला. नीलेश पुढे वर्षभर तेच करत राहिला. बाईंनी आम्हाला खोटं न बोलण्याइतकं कडक केलं होतं आणि खरं न बोलण्याइतकं घाबरवलंही होतं. दोन्ही त्यांचंच शिक्षण.

पुढच्या दिवाळीत बाईंच्या मानेला गाठी आल्या. तेव्हा कुठे कुणीतरी त्यांचं सीबीसी केलं. रक्ताचाच कर्करोग. आधी हळू चालणारा, मग एकदम पिसाळलेला. हे मला सांगितलं नीलेशने. तो माझ्या लॅबच्या खाली चहाच्या टपरीवर आला आणि सगळं सांगून उभ्याउभ्या रडला. माझ्या हातून एका बाईचा खून झालाय, तो म्हणत होता. मी त्याला चहा दिला. समजूत घातली नाही.

औषधं झाली, उपयोग झाला नाही. मग एकच उपाय उरला. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना शिकवून, वाढवून परत त्याच्या अंगात सोडायच्या. ज्या कामाला बाईंनी आयुष्य दिलं तेच. त्यांच्या पेशी काढल्या. बाटलीत त्या वाढल्याच नाहीत. थकलेल्या होत्या.

त्यानंतर काही दिवसांनी बाईंच्या भावजयीचा फोन आला. घरी रक्त घ्यायला येणाऱ्यांना शीर सापडत नाही आणि ताई म्हणतात घाईला बोलवा, कोण ही घाई मला ठाऊक नाही, संस्थेतून तुमचा नंबर मिळाला, तुम्हीच का, असं त्यांनी संकोचाने विचारलं. मी बोरिवलीला गेले. मला एकच वाक्य ऐकायचं होतं, तुझा हात चांगला होता. त्याच्यासाठी मी सुट्टी टाकून गेले होते.

बाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. डोक्यावरचे केस गेले होते. माझी सुई पहिल्याच फटक्याला बसली. त्यांनी ते पाहिलं. नळी भरल्यावर विचारलं, “कडी जाड होती म्हणालेलीस. कधीपासून?”

गणपतीनंतरच्या सोमवारपासून, मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. “म्हणजे वर्षभर आधी. तेव्हा गोळ्यांवर दिवस निघाले असते.” मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. “मग बुरशीचे सरळ कसे आले?”

भावजय दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा पाहून त्या नको अशी मान हलवत होत्या. खोटं बोलणं सोपं होतं. योगायोग असेल मॅडम, म्हणाले असते की झालं. मला दिंडोशीचा माणूस आठवला. बाईंनी कुणाला सूट दिली होती?

“जुन्या नळ्या वितळवायचा तो,” मी म्हटलं. “तुमच्या भीतीने. दर वेळी.”

बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्या पाठीची हाडं साडीतून दिसत होती. मला बरं वाटलं, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही. मग त्या भिंतीशीच बोलल्यासारखं बोलल्या.

“तू एकदाच सांगितलंस.”

“काय मॅडम?”

“रक्त तपासा म्हणून. एकदाच सांगितलंस. मी ओरडले, तू खाली बसलीस. तुझी जागा गेली असती, माझा जीव जात होता. धा येळा सांगूचा होता.” त्या वळल्या. डोळे कोरडे होते. “भियालंस कित्याक गो?”

मी पिशवी उचलली. जे वाक्य ऐकायला गेले होते ते मिळालं नव्हतं, आणि जे मिळालं ते मी आजवर उतरवू शकलेले नाही. मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी थांबवलं. माझ्या जागेचं आता त्यांना काही करता येणार नाही, दुसरा गाइड शोध, असं कोरडेपणाने सांगितलं. आणि टाकीतल्या त्यांच्या पेशींच्या नळ्या सगळ्या नष्ट कर म्हणाल्या. चिठ्ठ्या बदललेल्या, कुठली निरोगी आणि कुठली रोगी हे आता कोण सांगणार, अशा कंट्रोलवर उद्या कुणी काम केलं तर ते खोटं ठरेल. “तूच जा. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.”

त्याच आठवड्यात त्यांनी संस्थेला कळवून मी गेल्यानंतरचं सगळं काम मागे घेतलं. शेवटचा निबंधही. नीलेशची पदवी अडकली. तो आता प्रयोगशाळांना लागणारं सामान विकतो आणि मला दिवाळीला मेसेज करतो. मला दुसरा गाइड मिळाला नाही. खराब हाताची म्हणून काढलेली मुलगी कोण घेणार? वडील अजून विहारात आमची डॉक्टर म्हणतात आणि मी दुरुस्ती करत नाही. पण माझ्या लॅबमध्ये विचित्र आकडा आला की मी नळीला दोष देत नाही. दुसऱ्यांदा चालवते आणि परत तोच आला तर माणसाला स्वतः फोन करते. माणूस ओरडतो, फोन आपटतो. मी परत लावते. मालक म्हणतात, गिऱ्हाईकं पळवून लावाल तुम्ही. त्या फोनांमुळे काहीजण वेळेत डॉक्टरकडे पोचले आहेत. बाईंनी मला दिलेलं शिक्षण पूर्ण झालं ते तिथे, स्टेशनजवळच्या त्या दोन खोल्यांत.

नळ्या मात्र मी त्यांच्या हयातीत टाकू शकले नाही. आज जाते, उद्या जाते करत राहिले. बाई गेल्या. बोरिवलीच्या स्मशानात मी होते, नीलेशही होता, लांब फाटकाशी. त्यानंतर काही दिवसांनी संस्थेतून नव्या प्रमुखांचा फोन आला की टाकी रिकामी करायची आहे आणि मॅडम तुमचं नाव सांगून गेल्यात.

मी मुलुंडला गेले. सगळ्या नळ्या काढून कोमट पाण्यात धरल्या. ओतायच्या आधी एकीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. ठेवायची गरज नव्हती. पेशी गोल होत्या, स्वच्छ, चमकत होत्या. जिवंत. कुठल्यातरी चांगल्या सोमवारी मीच काढलेल्या असाव्यात. मी खूप वेळ बघत राहिले. बाईंना जाळून झालं होतं आणि बाई तिथे काचेवर जिवंत होत्या. त्यांना दुसऱ्यांदा मारायचं काम त्यांनी भरवशाने माझ्यावर सोपवलं होतं. मी नळ्यांची झाकणं काढली आणि एकेक करून सगळ्या ब्लीचमध्ये ओतल्या.